टक्कल, गोटा आणि डोक्यावरचं ऊन

मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत दुपारी साडेबाराच्या थोडं पुढे गच्चीत एक बाटली उभी करून ठेवा. मिनिटभर तिची सावली दिसेनाशी होते. शून्य सावली दिवस म्हणतात तो हाच. कोल्हापूरला तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, नागपूरला शेवटच्या. गोवा आणि सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपल्याकडे तो कुणालाच चुकत नाही. त्या मिनिटाला सूर्य 'डोक्यावर' असतो हे अगदी शब्दशः खरं. चेहऱ्यावर ऊन तिरकं घसरतं, डोळ्यांवर भुवयांची सावली असते, गालांवर जेमतेम कड लागते. सरळ मारा बसतो तो टाळूवर, कानांच्या कडांवर आणि खांद्यांवर. टाळूवर केस असतील तर बराचसा मारा ते झेलतात. नसतील तर ती धाब्याच्या घराची गच्ची समजा: सपाट, उघडी आणि दिवसभर तापणारी.

सनस्क्रीनच्या जाहिराती चेहऱ्याभोवती फिरतात, म्हणून टक्कल असलेली माणसंही गालाला क्रीम चोपडतात आणि डोकं तसंच ठेवून बाहेर पडतात. खरं तर क्रम उलटा हवा. डोक्याच्या बाबतीत पहिलं काम कापडाचं, आणि कापड जिथे पोचत नाही तिथे क्रीमचं.

सावली मोजा

ऊन भाजतं ते उष्णतेमुळे नव्हे, अतिनील किरणांमुळे. हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. महाबळेश्वरला डिसेंबरात गार वारा सुटलेला असतो, घाम येत नाही, म्हणून उन्हात बिनधास्त तासन् तास बसलं जातं. पण समुद्रसपाटीपासून दर १००० मीटरला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि महाबळेश्वर १३०० मीटरच्या वर आहे. लेह ३५०० मीटरवर. तिथे भोवती ताजा बर्फ असेल तर तो ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. अशा ठिकाणी टोपी घालूनही खालून हनुवटी आणि कानांच्या पाळ्या भाजतात. समुद्रकाठची कोरडी वाळू त्या मानाने सौम्य, ती साधारण १५ टक्के परतवते. लाटांचा फेस २५ टक्के.

अतिनील किरणांचे आपल्या कामाचे प्रकार दोन. यूव्हीबी कातडीचा वरचा थर भाजतो. यूव्हीए आणखी खोल जातो, काळे डाग पाडतो, कातडी सैल आणि सुरकुतलेली करतो. काच यूव्हीबी अडवते, पण साध्या काचेतून यूव्हीए बराचसा आत येतो. एसटीच्या खिडकीशी बसून रोज दोन तास प्रवास करणाऱ्याच्या डोक्याची एकच बाजू काळवंडते ती यामुळेच.

मोबाईलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये यूव्ही निर्देशांक असतो. ३ च्या पुढे डोकं झाकावं, ८ च्या पुढे झाकण्यात हयगय नको, ११ आणि वर म्हणजे टोकाचा. एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी महाराष्ट्रात ११ ओलांडणं ही रोजची गोष्ट आहे. ॲप नसेल तर त्याहून सोपी खूण: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन धोक्याचं. मुंबईत मेच्या मध्यावर हा काळ सकाळी साडेनऊपासून दुपारी पावणेचारपर्यंत पसरतो. डिसेंबरअखेरीस तोच दुपारच्या जेमतेम दोन तासांवर येतो. 'बारा ते तीन बाहेर पडू नका' हा घरोघरचा नियम म्हणून उन्हाळ्यात अपुरा पडतो. दहाच्या मुहूर्ताला मांडवाबाहेर उभं राहिलेलं टक्कलही भाजतं.

ढगांवर विसंबू नये. पातळ ढगांतून ९० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येतात. जून-जुलैच्या आषाढी वारीत हवा कोंदट, आभाळ भरून आलेलं, ऊन जाणवतही नाही, आणि संध्याकाळी मुक्कामाला टोपी काढल्यावर कानाच्या मागे हात लावला की आग होते.

आधी कापड

गांधी टोपी टाळू झाकते, कान आणि मान उघडे टाकते. बेसबॉल टोपीचंही तेच, शिवाय मागे पट्ट्याजवळ जी अर्धगोल खिडकी असते तिच्यातून ऊन थेट कातडीवर पडतं. चकोट डोक्यावर त्या खिडकीचा काळा अर्धचंद्र उमटलेला पुष्कळदा दिसतो. सायकलच्या हेल्मेटच्या फटींचं तसंच. तिथे काळे पट्टे येतात, म्हणून हेल्मेटखाली पातळ कापडी कवटी-टोपी घालावी. डोक्यासाठी सगळ्यात सोयीची ती चारी बाजूंनी काठ असलेली हॅट. काठ निदान ७.५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण चार बोटं रुंद. त्याहून अरुंद काठ दिसायला बरा, पण कानावर सावली पाडत नाही.

कापड कोणतं, हे पैशापेक्षा विणीवर अवलंबून आहे. घट्ट विणलेलं, गडद रंगाचं, जाड कापड जास्त अडवतं. पातळ पांढऱ्या सुती कापडाच्या एका थरातून पाचवा हिस्सा किरण आत येऊ शकतात, आणि ते घामाने ओलं झालं की आणखी जास्त. घरी तपासायचं असेल तर कापड ट्यूबलाइटसमोर धरा. नळीचा आकार स्पष्ट दिसत असेल तर उन्हालाही तेवढीच वाट आहे. गवती हॅटच्या विणीत भोकं असतील तर डोक्यावर उन्हाची चाळणी होते, आतून अस्तर लावून घ्यावं. बाजारात यूपीएफ ५० लिहिलेल्या टोप्या मिळतात. त्याचा अर्थ कापडातून पन्नासावा हिस्साच आत येतो.

इथे आपल्या शेतकऱ्याच्या मुंडाशाला दाद द्यायला हवी. एका थरातून पाचवा हिस्सा येत असेल तर दोन थरांतून ढोबळमानाने पंचविसावा आणि तीन थरांतून सव्वाशेवा. पटका किंवा फेटा म्हणजे असे कितीतरी थर, मध्ये हवा खेळती, शेपूट मानेवर सोडता येतं आणि घाम आला तर त्यानेच पुसताही येतो. महागड्या टोपीला जे जमत नाही ते पाच मीटर सुती कापड करतं. गमछा किंवा टॉवेल ओला करून डोक्यावर घेतला तर गारवा छान मिळतो, पण ओलं कापड किरण जास्त सोडतं, म्हणून तो दुहेरी घडी करून घ्यावा. ऊन लागू नये म्हणून काही जण टोपीत कांदा ठेवतात, त्याबद्दल एवढंच: ऊन अडवते ती टोपी. कांदा पोह्यांत घाला.

काळी, घट्ट कापडाची छत्री वरून येणारं ऊन चांगलं अडवते. बाजूने, रस्त्यावरून आणि भिंतींवरून उसळून येणारे किरण तिला अडवता येत नाहीत. मान-कानांना क्रीम लागतंच.

क्रीम किती, कुठे, कधी

सनस्क्रीनच्या ट्यूबवरचा एसपीएफ, म्हणजे ऊन अडवण्याचं माप, यूव्हीबीपुरता असतो. क्रीम नीट लावली तर एसपीएफ १५ साधारण ९३ टक्के, ३० सुमारे ९७ आणि ५० सुमारे ९८ टक्के अडवतं. ३० आणि ५० मधला फरक कागदावर थोडका आहे, तरी डोक्याला ५० घ्यावी, कारण पुरेशी क्रीम कुणीच लावत नाही. यूव्हीएसाठी पीए आणि त्यापुढची अधिकची चिन्हं बघा. तीन किंवा चार असावीत.

'पुरेशी' म्हणजे किती, याचा हिशोब सोपा आहे. एसपीएफ मोजताना प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. डोक्याचा घेर साधारण ५६ सेंटीमीटर धरला, तर टोपीच्या कडेच्या वरचा अर्धगोल जवळपास ५०० चौरस सेंटीमीटरचा भरतो. त्याला लागली १ ग्रॅम. मागचा खालचा भाग, कान आणि मान मिळून आणखी अर्धा ग्रॅम. तर्जनीच्या मुळापासून टोकापर्यंत क्रीमचा एक सलग पट्टा काढला की हा साधारण दीड ग्रॅम होतो. चेहऱ्याची क्रीम वेगळी. दिवसातून दोनदा लावली तर डोक्यालाच ३ ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब सोळा-सतरा दिवसांत संपायला हवी. तुमची चार महिने पुरत असेल तर ती लावण्यापेक्षा जपूनच ठेवली जात असणार. एसपीएफ ५० ची क्रीम अर्धीच लावली तर तिचं काम २५ पर्यंत किंवा त्याहून खाली घसरतं.

लावायची पद्धत अशी. डोकं धुऊन कोरडं करा. पट्ट्यातली निम्मी क्रीम टाळूवर, दोन्ही बाजूंना, मागे आणि कपाळावर ठिपक्यांनी ठेवा, पुढून मागे पसरवा, मिनिटभर थांबा आणि उरलेली निम्मी आडव्या हाताने लावा. दोन हातांनी रंग दिला की भिंतीवर पॅच राहत नाहीत, तसंच. मग मोबाईलवर मागून फोटो काढून बघा, कारण सुटणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: भोवऱ्याच्या मागची जागा, कानांच्या वरच्या कडा, कानामागची घडी, उरलेल्या केसांची झालर जिथे सुरू होते ती रेघ आणि मान. बाहेर पडण्याच्या १५-२० मिनिटं आधी लावा आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. घाम पुसलात, पोहलात, टोपी घासली गेली, की घड्याळ न बघता लगेच. 'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे जलरोधक नव्हे. ४० किंवा ८० मिनिटं टिकते, एवढाच त्याचा अर्थ.

डोळ्यांत चुरचुरतं म्हणून किती जण सनस्क्रीन सोडून देतात! टाळूवरची क्रीम घामाबरोबर उतारावरून खाली येते आणि अडवायला केस नसतात. उपाय कपाळावर आहे. भुवयांच्या वर दोन बोटं पट्ट्यात पातळ क्रीमऐवजी मेणाचा आधार असलेली सनस्क्रीन स्टिक चार-पाच वेळा फिरवा. ती ओघळत नाही. व्यायामाला जाताना घामपट्टी बांधा.

प्रकार निवडताना डोकं कसं आहे ते बघा. पूर्ण तुळतुळीत टक्कल असेल तर जेल किंवा मॅट फ्लुइड बरं, चकाकी कमी होते. झिरो मशीन मारलेलं किंवा दोन दिवसांचे खुंट असतील तर घट्ट क्रीम खुंटांना पांढरी गोळी धरते, तिथेही पातळ फ्लुइडच. केस विरळ असतील, भांग रुंदावला असेल, तर बोटाने भांगावर थेंब थेंब लावा. स्प्रेच्या नादी लागायचं असेल तर तो तळहातावर मारून मग चोळा. वाऱ्यात थेट मारलेला निम्मा शेजाऱ्याला लागतो आणि थोडा तुमच्या छातीत जातो. झिंक ऑक्साइडच्या क्रीम संवेदनशील त्वचेला मानवतात, पण सावळ्या डोक्यावर राखाडी झाक देतात. रंग मिसळलेली घेतली तर ती जाते.

पांढऱ्या टोपीवाल्यांसाठी एक खास सूचना. बऱ्याच सनस्क्रीनमध्ये ॲव्होबेन्झोन हे यूव्हीए अडवणारं रसायन असतं. बोअरच्या पाण्यात लोह असलं की धुताना ते त्याच्याशी मिळून टोपीच्या कडेला गंजासारखे केशरी डाग पाडतं. त्यावर क्लोरीनचं ब्लीच टाकलं तर डाग अधिकच बसतो. गंजाच्या डागाला लावतो तसं लिंबू किंवा सायट्रिक ॲसिड लावा, मग धुवा. आणि ट्यूब गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. उष्णतेने क्रीम फाटते. पिळल्यावर आधी पाणी आलं तर ती फेकायची.

खोबरेल तेल सनस्क्रीनचं काम करत नाही. उलट तेलावर लावलेली क्रीम सरकते, नीट थर धरत नाही. चंपी रात्री करा. केस उगवण्यासाठीचं मिनोक्सिडिल लावत असाल तर ते आधी, पूर्ण सुकू द्या, मग सनस्क्रीन.

वस्तरा फिरल्यानंतर

आयुष्यभर केसांखाली असलेल्या कातडीने ऊन पाहिलेलं नसतं. जावळ, मुंज, दहाव्याचं क्षौर, तिरुपतीचं मुंडन: कारण काहीही असो, गोटा झाल्यावरचे पहिले आठ-दहा दिवस सगळ्यात नाजूक. वस्तरा केसांबरोबर कातडीचा मेलेला वरचा पापुद्राही थोडा खरवडतो, बारीक चिरा पडतात. त्याच सकाळी घाटावरून डोकं उघडं घेऊन भर उन्हात परतलं की रात्री उशीला डोकं टेकवत नाही.

शक्य असेल तिथे गोटा संध्याकाळी करावा. रात्रभरात कातडी शांत होते, सकाळी सनस्क्रीन झोंबत नाही. विधी सकाळचाच असेल तर पहिल्या दिवशी क्रीमचा हट्ट नको, सुती कापड डोक्यावर घ्या. तुरटी फिरवायला हरकत नाही. स्पिरिटचं आफ्टरशेव्ह, कोलोन, अत्तर मात्र डोक्याला लावून उन्हात जाऊ नका. आणि लिंबू तर नकोच. कोंडा जावा म्हणून गोट्यावर लिंबू चोळणारे आहेत. लिंबाच्या रसातली द्रव्यं उन्हाच्या संपर्कात कातडी अक्षरशः भाजतात, फोड येतात आणि नंतरचे काळे डाग महिनोन् महिने राहतात. तिरुपतीला मुंडनानंतर चंदनाचा लेप लावायची रीत आहे. लेप सुकताना गार वाटतं, आग शमते, पण त्याला सनस्क्रीन समजू नये. लेपावर उपरणं घ्या.

जावळ झालेल्या बाळाचा नियम वेगळा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावत नाहीत, त्याला सावली आणि सैल सुती टोपरं. त्याहून मोठ्याला गरज पडली तर सुगंध नसलेली झिंक ऑक्साइडची क्रीम चालते, तरी भर टोपीवरच द्यावा.

कुणी जास्त जपायचं

सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर असतं, आणि त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण आपल्याकडे गोऱ्या देशांच्या तुलनेत कमी आहे. त्यामुळे परदेशी लेख वाचून घाबरून जायचं कारण नाही. मात्र रोजच्या सनस्क्रीनचा फायदा मोजलेला आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नंबोर गावी १९९२ ते १९९६ मध्ये झालेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये स्क्वेमस सेल प्रकारच्या त्वचेच्या कर्करोगाच्या गाठी साधारण ४० टक्क्यांनी कमी निघाल्या. ते लोक बहुतांश गोरे होते, हे ध्यानात ठेवूनच तो आकडा वाचायचा. आपल्याकडे मेलॅनिनचं कवच ज्यांना नाही त्यांना तो जवळचा आहे: जन्मजात रंगद्रव्य नसलेले. डोक्यावर कोडाचे चट्टे असलेल्यांना आणि अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनाही तितकंच जपावं लागतं.

काही नेहमीची औषधं कातडीला उन्हाबाबत हळवी करतात: डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, रक्तदाबाचं हायड्रोक्लोरोथायझाइड, हृदयाचं अमिओडेरोन. ती बंद करायची नाहीत, टोपी वाढवायची. केमोथेरपीत केस गेलेल्यांची टाळू आधीच दुखरी असते आणि फ्लुरोयुरासिलसारखी काही औषधं उन्हाची आग वाढवतात. त्यांनी शिवण बाहेरच्या बाजूला असलेली मऊ सुती टोपी, बिनवासाची झिंकची क्रीम आणि आपल्या डॉक्टरांचा शब्द, एवढंच धरावं. केसांचं रोपण केलं असेल तर सर्जन सांगेपर्यंत रोपांवर कसलीच क्रीम नको. चाईचे चट्टे असलेल्या बायका ओढणीखाली डोकं झाकतात, पण जॉर्जेट-शिफॉनची ओढणी ट्यूबलाइटसमोर धरून बघा, म्हणजे ती किती झाकते ते कळेल.

ड जीवनसत्त्वासाठी टाळू भाजून घ्यायची गरज नाही. हात-पाय उघडे असले तरी काम होतं.

भाजलंच तर

उन्हाने भाजलेलं लगेच कळत नाही. आग तीन ते सहा तासांनी सुरू होते आणि १२ ते २४ तासांत कळसाला पोचते. सावळ्या डोक्यावर लाली दिसत नाही. कातडी ताणल्यासारखी, गरम, हुळहुळी लागते. गार, पण बर्फाचं नव्हे, पाणी ओता, ओलं फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग साधं कोरफडीचं जेल किंवा बिनवासाचं मॉइश्चरायझर. ठणकत असेल तर पॅरासिटामॉल. टूथपेस्ट, हळद, बर्फाचा खडा, लिंबू यांतलं काहीही नको. फोड फोडू नका, आणि चार-सात दिवसांनी सालं सुटू लागली की ती ओढू नका, खालची कातडी अजून कच्ची असते. बरं होईपर्यंत वस्तरा बंद.

मोठ्या भागावर फोड, ताप, उलट्या असतील तर दवाखाना गाठा. माणूस बरळत असेल, तोल जात असेल, तर ते भाजणं नव्हे, उष्माघात असू शकतो. सावलीत घेऊन अंगावर पाणी, वारा, आणि १०८ ला फोन. सनस्क्रीन उष्माघात टाळत नाही, हेही लक्षात असू द्या. क्रीम लावलेलं डोकंही तापतं.

वर्षानुवर्षांच्या उन्हाची खूण आधी डोळ्यांना नाही, बोटांना कळते: टाळूवर पॉलिश पेपरसारखा खरखरीत, खपलीचा छोटा चट्टा, जो निघतो आणि पुन्हा त्याच जागी येतो. महिना-दीड महिन्यात न भरलेली जखम, सहज रक्त येणारी गाठ, आकार बदलणारा तीळ यांनाही त्वचारोगतज्ज्ञांकडेच न्यायचं. सुरुवातीचा चट्टा द्रव नायट्रोजनने गोठवून किंवा क्रीमने काढता येतो. स्वतःचा मागचा भाग स्वतःला दिसत नाही, तो दर पंधरा-वीस दिवसांनी जवळून बघणारा माणूस म्हणजे सलूनवाला. त्याला एकदा सांगून ठेवा: वस्तरा कुठे अडखळला, कुठे नवीन खपली दिसली, तर बोट ठेवून दाखव आणि लगेच माझ्याच मोबाईलवर फोटो काढ.